जंतू दिसले नाहीत

दुर्बिणीच्या तपासणीत काढलेला जठराच्या अस्तराचा तुकडा माझ्याकडे येतो तेव्हा तो तांदळाच्या कणीएवढा असतो. फॉर्मालिनच्या छोट्या बाटलीच्या तळाशी असे चार-पाच पांढुरके कण बसलेले असतात. आमच्या लॅबमधले टेक्निशियन काका बाटली उजेडाकडे धरतात, बारीक चिमट्याने एकेक कण उचलून कागदावर ठेवतात, मोजतात आणि फॉर्मवर आकडा लिहितात. रात्रभर मशीनमध्ये अल्कोहोल, झायलीन, वितळलेलं मेण असं सगळं पार करून सकाळी हे कण मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवले जातात. प्रत्येक कण तिथे उभाच बसला पाहिजे, यावर काकांचा कटाक्ष असतो. आडवा बसला तर अस्तर तिरपं कापलं जातं आणि ग्रंथी किती खोल आहेत, किती उरल्या आहेत, हे कळायला मार्ग राहत नाही.

मी सांगली-मिरज भागात पॅथॉलॉजिस्ट म्हणून बरीच वर्षं काम करते. मिरजेच्या दवाखान्यांत माणसं लांबून येतात. जत, कवठेमहांकाळ, सांगोल्याकडून येतात, तशी अथणी, रायबागकडूनही येतात. तुकड्याचा रिपोर्ट न्यायला बहुतेकदा मुलगा नाहीतर जावई येतो. पाकीट हातात पडलं तरी तो ते उघडत नाही. "मॅडम, वंगाळ काय न्हाई न्हवं?" एवढंच विचारतो. कॅन्सर नाही म्हटलं की त्याचा चेहरा सैल होतो, हात जोडतो आणि एसटी गाठायला निघतो.

पण त्या कागदावर आणखी चार ओळी असतात. त्यांतल्या एका ओळीबद्दल मला लिहायचं आहे: 'हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतू दिसले नाहीत.' ही ओळ वाचली की पेशंट निर्धास्त होतो, पुष्कळदा डॉक्टरही. मी मात्र ती लिहिण्याआधी फॉर्म पुन्हा हातात घेते. तुकडा पोटाच्या कुठल्या भागातला आहे, पेशंट कुठल्या गोळ्या घेतो, किती दिवसांपासून घेतो, हे शोधते. बहुतेक फॉर्मवर ते लिहिलेलंच नसतं.

जठराच्या वरच्या मोठ्या भागाला आम्ही बॉडी म्हणतो. तिथल्या ग्रंथी एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि त्यांत गुलाबी, गोलसर, मधोमध केंद्रक असलेल्या पेशी दिसतात. आम्ल बनवतात त्या याच. हायड्रोजनचे आयन त्या बाहेर पोटात ढकलतात, आणि पेशीच्या आत त्यांची जेवढी दाटी असते तिच्या दहा लाख पटींहून जास्त दाटी बाहेर होते. एवढं काम एक पंप करतो. सकाळी उपाशीपोटी घ्यायची पँटोप्राझोलची गोळी नेमका हा पंप बंद पाडते. ग्रंथीच्या बुडाशी निळसर-जांभळ्या पेशी असतात, त्यांच्यातून पुढे पेप्सिन तयार होतं. पोटाच्या खालच्या भागात, अँट्रममध्ये, आम्लाच्या पेशी फारशा नसतात. तिथे गॅस्ट्रिन हे संप्रेरक बनवणाऱ्या पेशी असतात आणि आम्ल वाढवण्याचा निरोप तिथून बॉडीला जातो. वर कारखाना आणि खाली त्याचं नियंत्रण, अशी ही वाटणी आहे. म्हणून तुकडा वरचा की खालचा हे मला कळायलाच हवं असतं.

आपल्या लोकांच्या मनात हे आम्ल म्हणजे निव्वळ त्रास. जळजळ, आंबट ढेकर, 'पित्त खवळलंय'. पण अन्नापाण्याबरोबर रोज पोटात जाणारे जंतू मरतात ते या आम्लामुळेच. निरोगी पोटात फार थोडे जंतू तग धरतात. हेलिकोबॅक्टर तग धरतो, कारण तो आम्लात मुक्काम करत नाही, ते ओलांडून जातो. अस्तरावर चिकट पदार्थाचा एक थर असतो आणि त्या थराच्या तळाशी, पेशींच्या लगत, आम्लाचा जोर जवळजवळ संपलेला असतो. शेपट्या हलवत हा जंतू तिथवर पोहत जातो. वाटेत मरू नये म्हणून त्याच्याकडे युरिएज नावाचं एन्झाइम आहे. जठररसात थोडा युरिया असतोच. युरिएज त्याचं अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये विघटन करतं आणि अमोनिया जंतूभोवतीचं आम्ल मारतो.

एन्डोस्कोपीच्या खोलीत हे रसायन डोळ्यांदेखत घडतं. पिवळ्या जेलच्या एका छोट्या खळग्यात युरिया आणि रंग मिसळलेला असतो. चिमट्यातून निघालेला ताजा तुकडा सिस्टर सुईच्या टोकाने त्या जेलमध्ये दाबतात. जंतू भरपूर असले तर पेशंट टेबलावरून उतरायच्या आत तुकड्याभोवती गुलाबी कडं उमटतं आणि ते पसरत जातं. मी ते अनेकदा उभी राहून पाहिलं आहे. इतक्या सूक्ष्म जिवाचं रसायन साध्या डोळ्यांना दिसतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

याच जंतूची आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. युरिया आत घेण्यासाठी त्याच्या आवरणात एक दार असतं. बाहेर आम्ल वाढलं की ते उघडतं, आम्ल उतरलं की मिटतं. ते उघडंच राहिलं आणि बाहेर आम्ल नसलं, तर आत साचलेल्या अमोनियाने जंतूचाच जीव जाईल. म्हणजे आम्ल आहे तिथेच त्याचा संसार. पोटातलं आम्ल आटलं की तोही हळूहळू तिथून नाहीसा होतो.

'जंतू दिसले नाहीत' या ओळीची खरी अडचण इथे सुरू होते.

जंतू शोधायला मी जिम्साचा रंग लावते. तेलाचा थेंब टाकून शंभरचं भिंग खाली आणलं की अस्तराच्या खळग्यांत, चिकट थराच्या कडेला, निळ्या बारीक वाकड्या काड्या दिसतात. लांबी साधारण ३ मायक्रॉन. कधी झुंडीने असतात, कधी सगळे खळगे धुंडाळल्यावर एकाच ठिकाणी दोन-तीन सापडतात. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात ते सहज निसटतात, आणि एकदा असे निसटले तेव्हा जगाला त्याची मोठी किंमत मोजावी लागली. १९५४ मध्ये अमेरिकन सैन्यदलातल्या पामर या डॉक्टरांनी हजाराहून जास्त पेशंटांचे जठराचे तुकडे तपासले आणि त्यांत एकही जंतू दिसला नाही, असं छापलं. त्याआधी १९४० मध्ये बोस्टनच्या फ्रीडबर्ग आणि बॅरन यांनी चांदीच्या क्षाराचा रंग वापरून पोटातले असे वाकडे जंतू दाखवले होते. पामर यांनी तो रंग वापरला नव्हता. तरी त्यांचा शब्द प्रमाण मानला गेला. आम्लात जंतू जगूच शकत नाहीत, हे पाठ्यपुस्तकात पक्कं झालं आणि पुढची पंचवीस वर्षं अल्सरचं खापर आम्लावर, काळजीवर आणि तिखटावर फुटत राहिलं.

पर्थमधल्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये जंतूंचं मिश्रण स्वतः पिऊन पाहिलं, त्यांना उलट्या झाल्या, पोटाला सूज आली, ही गोष्ट आता शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. मला जवळचे वाटतात ते त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन. ते माझ्याच धंद्यातले, पॅथॉलॉजिस्ट. १९७९ मध्ये रॉयल पर्थ रुग्णालयात एका तुकड्यावर त्यांना निळसर रेघ दिसली. त्यांनी चांदीचा रंग लावून खात्री केली आणि जिथे सूज तिथे जंतू, ही जोडी तुकड्यामागून तुकड्यात टिपत राहिले. सहकाऱ्यांना त्यात फारसा रस नव्हता. मार्शल तिथे शिकायला आले ते १९८१ मध्ये. त्याच्या पुढच्या वर्षी ईस्टरच्या सुट्टीत जंतूंच्या बश्या नेहमीपेक्षा जास्त दिवस इन्क्युबेटरमध्ये राहिल्या आणि तेव्हा कुठे त्यांत जंतू वाढलेले दिसले. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. एकाच गोष्टीकडे वर्षानुवर्षं न कंटाळता बघत राहणं हे आमच्या कामात सगळ्यात अवघड असतं, आणि वॉरन यांनी ते केलं.

अल्सरचा हिशेब यानंतर बदलला. कॅन्सरचा हिशेब जास्त गुंतागुंतीचा निघाला. लिओंच्या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने १९९४ मध्ये हेलिकोबॅक्टरला माणसात कॅन्सर घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं, तंबाखूच्या पंक्तीला. पण हा जंतू जगातल्या निम्म्याअधिक माणसांच्या पोटात होता. बहुतेकांना तो लहानपणीच, घरातल्या घरात मिळतो, आणि औषध घेतलं नाही तर जन्मभर सोबत राहतो. त्या सगळ्यांना काही कॅन्सर होत नाही.

फरक पडतो तो सूज कुठे आहे यावर. सूज मुख्यतः अँट्रममध्ये राहिली तर गॅस्ट्रिन वाढतं, शाबूत असलेली बॉडी जास्त आम्ल बनवते आणि पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला जखम होते. असा माणूस पोट धरून येतो, रात्री दुखून जागा होतो, म्हणजे त्याचा आजार ओरडून सांगतो. दुसऱ्या वाटेने सूज बॉडीत शिरते. आम्लाच्या पेशी एकेक करून मरतात, ग्रंथी विरळ होतात. या दुसऱ्या माणसाचं आम्ल कमी कमी होत जातं, जळजळ थांबते. अनेकदा त्याला बरंच वाटतं.

या दुसऱ्या वाटेच्या पायऱ्या कोलंबियाचे पॅथॉलॉजिस्ट पेलायो कोरेआ यांनी १९७५ मध्ये मांडल्या, जंतूचा पत्ताही लागला नव्हता तेव्हा. आधी दीर्घकाळची सूज, मग ग्रंथींची झीज, मग जठराच्या जागी आतड्यासारखं अस्तर, मग पेशींची बिघडलेली वाढ आणि शेवटी कॅन्सर. यात दशकं जातात. मधली पायरी मला काचेवर स्पष्ट दिसते. अल्शियन ब्लूचा रंग लावला की जठरात ज्या असायलाच नकोत अशा आतड्याच्या गोब्लेट पेशी भडक निळ्या उठून दिसतात. रंग सुंदर असतो, पण तो दिसला की मी खुर्चीत सरळ होऊन बसते.

आणि या पायरीवर बहुतेकदा जंतू सापडत नाहीत. आतड्यासारख्या अस्तराला त्याला चिकटता येत नाही, आणि आम्ल आटल्यामुळे त्याचं तिथे निभत नाही. त्याने नासधूस करून ठेवलेल्या पोटातून तो निघून गेलेला असतो. त्याच्या जागी तोंडातले, आतड्यातले दुसरे जंतू येतात, कारण त्यांना मारायला आम्ल उरलेलं नसतं. अन्नातल्या नायट्रेटचं नायट्राइट करण्याचं काम यांतले काही जंतू करतात, आणि नायट्राइटपासून पोटातच नायट्रोसो संयुगं तयार होऊ शकतात. ती पेशीच्या डीएनएला इजा करतात. निरोगी जठररसात येणारं क जीवनसत्त्व ही प्रक्रिया रोखतं. झिजलेल्या पोटात तेही कमी पडतं.

हिरोशिमाजवळच्या कुरे इथल्या डॉक्टर उएमुरा यांचा २००१ सालचा अभ्यास मी शिकाऊ डॉक्टरांना नेहमी सांगते. त्यांनी जंतू असलेले १,२४६ आणि नसलेले २८० पेशंट सरासरी ७.८ वर्षं दुर्बिणीने तपासत ठेवले. पहिल्या गटात ३६ जणांना जठराचा कॅन्सर झाला, दुसऱ्यात एकालाही नाही. पहिल्या गटातही लहान आतड्याच्या अल्सरवाल्यांपैकी कुणालाच झाला नाही. ज्यांची बॉडी सुजलेली होती, ग्रंथी झिजल्या होत्या, आतड्यासारखं अस्तर आलं होतं, धोका त्यांच्या वाट्याला आला होता. आयुष्यभर आम्लाने छळलेला माणूस कॅन्सरच्या बाबतीत तुलनेने सुरक्षित, आणि ज्याची जळजळ आपोआप गेली त्याच्याकडे लक्ष द्यायला हवं, हे शिकाऊ मुलांना पटायला वेळ लागतो.

जंतू एकटा सगळं करत नाही, हे मी परळला टाटा रुग्णालयात शिकत असताना पाहिलं. तिथे ईशान्येकडून पुष्कळ पेशंट येत. जठराच्या कॅन्सरचं प्रमाण देशात मिझोराममध्ये सर्वांत जास्त आहे. तिथे धुरावर वाळवलेलं मांस, डुकराच्या चरबीपासून आंबवलेलं सा-उम आणि तुइबुर, म्हणजे तंबाखूचा धूर सोडलेलं पाणी, हे रोजच्या वापरातलं. तुइबुर तोंडात धरून थुंकतात, पण थोडं पोटात जातंच. महाराष्ट्रातही हेलिकोबॅक्टर घरोघरी आहे, तरी जठराचा कॅन्सर तितका नाही. जंतूच्या जाती, कॅग-ए नावाचं प्रथिन पेशीत टोचण्याची त्यांची ताकद, माणसाचा वंश, मीठ, तंबाखू, फळं-भाज्या, असं बरंच काही यात मिसळलेलं आहे. कोलंबियातही तसंच. अँडीज पर्वतातल्या नारिन्योच्या गावांत आणि समुद्रकाठच्या तुमाकोत जंतू दोन्हीकडे मुबलक, पण डोंगरात कॅन्सर कितीतरी पट जास्त. मला यातून एवढं कळतं, की आपल्याकडे प्रमाण कमी आहे म्हणून डोळेझाक करायला मुभा मिळत नाही. कमी प्रमाणातल्या एका माणसाचा मुलगा माझ्यासमोर उभा असतो तेव्हा त्याच्यासाठी टक्केवारीला अर्थ नसतो.

असाच एक मुलगा जत तालुक्यातून आला होता. वडील, घरातले आप्पा, साठीच्या आतले. द्राक्षबाग होती. तरुणपणी पित्ताचा खूप त्रास. मेडिकलमधून गॅसची गोळी आणून रोज घ्यायचे. मग काही वर्षांत त्रास आपोआप गेला. तरी गोळी सुटली नाही, सवयच झाली होती. पुढे वजन उतरलं, रक्त कमी झालं, जेवण दोन घासांवर आलं. दुर्बीण टाकली तर पोटाच्या आतल्या वळणावर गाठ. मी रिपोर्ट लिहिला तो कॅन्सरचा होता. गाठीशेजारच्या अस्तरात सगळीकडे निळ्या गोब्लेट पेशी होत्या. जंतू एकही नव्हता.

मुलाने पिशवीतून एक जुना रिपोर्ट काढला. "मॅडम, पाच-सा वर्षांमागं पण दुर्बीण केलती. तवा लिव्हलंय बघा, जंतू न्हाईत म्हणून. मग हे कुठनं आलं?"

तो रिपोर्ट दुसरीकडचा होता. एक बाटली, तीन तुकडे, जागा लिहिलेली नाही. 'अँट्रमचं अस्तर, किरकोळ सूज, जंतू दिसले नाहीत.' तेवढंच. ब्लॉक जपून ठेवलेला होता, तो मी मागवून घेतला. काकांनी पुन्हा पातळ काप घेतले. मी पाहिलं तर तुकडे खरंच अँट्रमसारखे दिसत होते: आम्लाच्या गुलाबी पेशी नाहीत, साध्या फिकट ग्रंथी. ज्याने कुणी ते आधी पाहिले त्याला दोष द्यावा असं वाटेना. पण बॉडीतल्या ग्रंथी झिजल्या की त्यांच्या जागी येणाऱ्या ग्रंथी हुबेहूब अँट्रमसारख्या दिसतात. खरा अँट्रम असेल तर त्यात गॅस्ट्रिनच्या पेशी असायलाच हव्यात. मी काप मुंबईला गॅस्ट्रिनच्या खास रंगासाठी पाठवले. काचा परत आल्या तेव्हा तीनपैकी दोन तुकड्यांत गॅस्ट्रिनची एकही पेशी रंगली नव्हती. ते तुकडे वरच्या भागातले होते. जिथे आम्लाचा कारखाना असायला हवा, तिथला कारखाना पाच-सहा वर्षांपूर्वीच बंद पडला होता आणि 'अँट्रम' या एका शब्दाखाली ते झाकलं गेलं होतं. बाटलीवर कुणी फक्त 'बॉडी' असं लिहिलं असतं, तर पाहणाऱ्याला तेव्हाच प्रश्न पडला असता की आम्लाच्या पेशी गेल्या कुठे.

मुलाला मी हे सगळं समजावून सांगितलं. त्याचा राग होता तो कमी झाला नाही, आणि व्हावा असंही मला वाटलं नाही.

त्यानंतर मी इथल्या दुर्बीण करणाऱ्या डॉक्टरांना एकेकाला गाठून बोलले. सिडनी पद्धतीत पाच तुकडे घ्यायचे असतात: अँट्रममधून दोन, वळणाच्या कोनातून एक, बॉडीतून दोन. निदान अँट्रम आणि बॉडी वेगळ्या बाटल्यांत घाला, एवढं मी मागितलं. एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, "अहो मॅडम, सकाळपासून रांग लागलेली असते. दोन बाटल्या म्हणजे पेशंटला दुप्पट बिल." हे खरं होतं. खाजगी लॅबमध्ये बाटलीमागे पैसे लागतात आणि आमच्याकडचा पेशंट आधीच गाडीभाडं मोजून आलेला असतो. म्हणून जठराच्या दोन बाटल्यांना एकाच बाटलीचे पैसे, असं मी ठरवून टाकलं. मग बाटल्या यायला लागल्या, सगळ्यांकडून नाही, पण बऱ्याच जणांकडून.

फॉर्मवर गोळीचा रकाना छापून घेतला. पंप बंद करणारी गोळी चालू असताना जंतू विरळ होतात, अँट्रममधून सरकून बॉडीत दडतात. गुलाबी जेलची तपासणी, श्वासाची तपासणी, माझी काच, सगळं फसू शकतं. म्हणून तपासणीआधी दोन आठवडे ही गोळी आणि चार आठवडे अँटिबायोटिक बंद हवं. गोळी वाईट आहे असं मी कुणालाही सांगत नाही. रक्तस्राव होणाऱ्या अल्सरमध्ये ती जीव वाचवते. पण पोटात जंतू असताना ती वर्षानुवर्षं चालू राहिली तर सूज बॉडीकडे सरकू शकते, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. जंतू आहे की नाही हे न बघता मेडिकलमधून पाकिटंच्या पाकिटं नेणारी माणसं पाहिली की माझा जीव खालीवर होतो.

औषधाचं दुखणं वेगळंच. चौदा दिवसांचा कोर्स, दिवसाला मूठभर गोळ्या, तोंडाला कडू चव, मळमळ. चौथ्या-पाचव्या दिवशी बरं वाटलं की माणूस सोडून देतो. सर्दी-तापाला, जुलाबाला दिलेल्या अँटिबायोटिकमुळे हे जंतू आधीच निर्ढावलेले आहेत. मेट्रोनिडाझोलला आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणात दाद देत नाहीत आणि क्लॅरिथ्रोमायसिनचीही तीच गत होत चालली आहे. म्हणून कोर्स झाल्यावर निदान चार आठवड्यांनी, तेव्हाही गोळी दोन आठवडे बंद ठेवून, श्वासाची नाहीतर शौचाची तपासणी करून जंतू गेला की नाही हे बघायलाच हवं. ही दुसरी तपासणी करायला फार थोडे परत येतात. बरं वाटतंय मग कशाला, असं म्हणतात. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून अख्ख्या लोकवस्तीची तपासणी करून जंतूवर उपचार केले, ज्यांचा गेला नाही त्यांना पुन्हा औषध दिलं, आणि पुढच्या काळात तिथला जठराचा कॅन्सर जवळपास निम्म्यावर आला. हे नुसत्या गोळ्या वाटून झालं नाही.

आप्पा ऑपरेशननंतर वर्षभर होते. मधल्या काळात मी मुलाला सांगून त्यांच्या धाकट्या भावाला बोलावून घेतलं. चुलते आले ते कुरकुरतच. पोटाचा काही त्रास नव्हता, मिश्री तेवढी होती. श्वासाची तपासणी केली, जंतू निघाला. दुर्बीण झाली, पाचही तुकडे जागेचं नाव लिहून वेगवेगळे आले. अँट्रममध्ये झुंडीने जंतू. वळणाच्या कोनात निळ्या पेशींची सुरुवात. बॉडीत झीज होती, पण गुलाबी पेशी अजून बऱ्याच शिल्लक होत्या. चौदा दिवसांचा कोर्स त्यांनी सुनेच्या देखरेखीखाली पूर्ण केला आणि नंतरच्या तपासणीत जंतू गेलेला होता.

रिपोर्ट न्यायला ते स्वतः आले. मिरची बंद करू का, हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, मिरची राहू द्या, मिश्री सोडा, खारवलेलं लोणचं कमी करा. जंतू गेला म्हणजे सुटलो न्हवं, हा दुसरा प्रश्न. जंतू गेल्याने धोका कमी झाला, पण झालेली झीज सगळी भरून येत नाही, आणि सख्ख्या भावाला कॅन्सर झालेला आहे, त्यामुळे दोन वर्षांनी पुन्हा दुर्बीण करावी लागेल, हे मी त्यांना रिपोर्टच्या मागच्या बाजूला पोटाचं चित्र काढून, पाच जागांवर खुणा करून दाखवलं. जिथे दुर्बीण कराल तिथल्या डॉक्टरांना हा कागद दाखवा म्हटलं. पोरांचं काय, हे त्यांनी आपणहून विचारलं. मुलांना आणि पुतण्याला श्वासाच्या तपासणीसाठी आणायचं ठरलं. कागदाची घडी घालून त्यांनी तो खिशात ठेवला आणि पोरांना ऑक्टोबर छाटणीच्या आधी आणू का नंतर, असं विचारलं. मी म्हटलं, आधी.